कालवड मेलेल्या सकाळी: वन्यजीव लोकांच्या पाठिंब्यावर जगतात म्हणजे नेमकं कसं?

जानेवारी 2025 मध्ये साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. आमचं गाव रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. बारीपाडा आमच्यापासून बराच लांब, गुजरातच्या हद्दीजवळ. तरी गावात आनंद झाला. आपल्या खान्देशातल्या माणसाने जंगल राखलं, त्याची दिल्लीने दखल घेतली, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर अभिनंदनाचा पूर आला. पुढच्याच आठवड्यात केळीचे घड कापायला गेलेल्या मजुरांना बागेच्या सरीत बिबट्याचे पंजे उमटलेले दिसले. मग त्याच गटांवर त्याच लोकांनी लिहिलं, "वनखातं झोपलंय का? पिंजरा लावा, उचलून न्या त्याला."

आमच्या पारावर एक आबा बसतात, ऐंशीच्या घरातले. ते म्हणाले, "जंगल राखणाऱ्याला पदक, आणि जंगलातलं जनावर दारात आलं की शिव्या. तुम्हाला पाहिजे तरी काय रे?"

आबांचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख. 'लोकांच्या पाठिंब्याशिवाय वन्यजीव वाचणार नाहीत' हे वाक्य आपण दर ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताहाच्या फलकावर वाचतो आणि पुढे जातो. पण पाठिंबा म्हणजे काय? मी जळगावात किंवा धुळ्यात बसून दिलेला पाठिंबा सातपुड्यातल्या प्राण्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो? ती वाट खरंच आहे, आणि ती कुठे तुटते तेही दाखवता येतं.

## सुरुवात आपल्या विहिरीपासून

'परिसंस्था' हा शब्द बातम्यांत सारखा येतो. एखाद्या जागेतली माती, पाणी, झाडं, किडे, पाखरं, जनावरं आणि त्यांच्यात रोज चालणारी देवाणघेवाण, या सगळ्याला मिळून परिसंस्था म्हणतात. खान्देशातल्या माणसाला ती समजून घ्यायला पुस्तक लागत नाही, केळीची बाग पुरते.

सातपुड्याच्या पायथ्याला, रावेर-यावलच्या वरच्या अंगाला, दगडगोटे आणि वाळूचा एक जाड पट्टा आहे. भूगर्भाचे अभ्यासक त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावर पडलेला पाऊस या पट्ट्यात मुरतो आणि खाली आपल्या विहिरींना, बोअरना येतो. पण मुरायला त्याला वेळ मिळाला पाहिजे. पाणलोटाची कामं करणारे म्हणतात ना, धावणाऱ्या पाण्याला चालतं करा, चालणाऱ्याला थांबतं करा, थांबलेल्याला मुरतं करा. डोंगरावर हे काम झाडांची मुळं आणि पानांचा थर फुकटात करतात. उतार उघडा पडला की पाणी सुकी, मोर, अनेर यांच्या पात्रातून गढूळ होऊन थेट तापीला निघून जातं. आमच्याकडच्या बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल न्याव्या लागतात, हे मी कुणाला सांगायची गरज नाही. उपसा वाढला हे त्याचं मोठं कारण आहेच, पण वरून भरणा कमी होत गेला तर उपशाचं गणित आणखी बिघडतं.

मग या सगळ्यात अस्वल, बिबट्या, पिंगळा कुठे बसतात? अस्वल उंबरं, बोरं, टेंभरं खातं आणि बिया कोसभर लांब टाकतं. पाखरं तेच करतात. बिबट्या आणि वाघ रानडुकरांवर, चितळ-सांबरांवर अंकुश ठेवतात, म्हणून कोवळी रोपं मोठी होतात. पिंगळा उंदीर आणि टोळ खातो. कुणीही एकटा जंगल चालवत नाही. पण एकेक गडी कमी होत गेला की काम उरलेल्यांवर पडतं, आणि एक दिवस ते काम होतच नाही.

## शंभर वर्षं हरवलेला पिंगळा

हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण ही गोष्ट आपली आहे आणि आपल्याच लोकांना फारशी माहीत नाही.

गावातला पिंगळा सगळ्यांना ठाऊक आहे. तिन्हीसांजेला उंबराच्या ढोलीतून किचकिचाट करतो तो. त्याचाच एक रानातला भाऊ आहे, रानपिंगळा. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छाती गडद तपकिरी, आणि घुबडांच्या कुळातला असून दिवसाउजेडी शिकार करणारा. 1872 साली ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तो पहिल्यांदा मिळवला आणि 1873 मध्ये ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हे तेच ह्यूम, ज्यांचं नाव काँग्रेसच्या स्थापनेशी जोडलेलं आहे. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने पश्चिम खान्देशातून काही नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र हा पक्षी कुणालाच खात्रीने दिसला नाही.

मध्ये एक नोंद होती. 1914 साली गुजरातेत तो मिळाल्याचं मायनर्ट्झहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाने म्हटलं होतं. त्यामुळे शोधणारे तिकडे शोधत राहिले. 1990 च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी अभ्यासिकेने संग्रहालयातला तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा उलगडा झाला की तो जुन्या संग्रहातून चोरून, पुन्हा भुसा भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. एका खोट्या चिठ्ठीने पिढ्यान् पिढ्या लोकांना चुकीच्या रानात हिंडवलं. ती नोंद बाद केल्यावर उरली ती खरी जुनी ठिकाणं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट ती धुंडाळत निघाले आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला होता. 113 वर्षांनी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

नंतर तो तोरणमाळच्या रानात, यावलमध्ये, मेळघाटात, मध्य प्रदेशात आणि 2014 साली तानसाच्या जंगलातही दिसला. जगातल्या प्राण्यांची धोक्यानुसार यादी करणाऱ्या आययूसीएन या संस्थेने त्याला आधी 'अतिसंकटग्रस्त' म्हटलं होतं. 2018 मध्ये एक पायरी खाली आणून 'संकटग्रस्त' केलं. या पायऱ्या दवाखान्यातल्यासारख्या समजा. पहिली अतिदक्षता विभागाची, दुसरी साध्या वॉर्डाची. रुग्ण घरी गेलेला नाही. जगात प्रौढ रानपिंगळे हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे.

आता पाठिंब्याकडे येऊ. रानपिंगळा घरटं बांधत नाही. तो जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. आणि जळणासाठी पहिली कुऱ्हाड कशावर पडते? वाळक्या, पोकळ झाडावर. त्यात आपला फार मोठा दोष आहे असंही नाही. हिरवं झाड तोडू नये म्हणूनच बाया वाळकं शोधतात. दुसरीकडे जादूटोण्यासाठी घुबडांना पकडून विकण्याचा धंदा आजही चालतो. म्हणजे या पक्ष्याचं भवितव्य स्वयंपाकघरात काय जळतं आणि मांत्रिकाचं म्हणणं घरात कोण ऐकतं, या दोन गोष्टींवर टांगलेलं आहे. कोणतंही तारेचं कुंपण तिथपर्यंत जात नाही.

## "ते वनखात्याचं काम आहे ना?"

आहे. पण हिशेब करून बघा. यावल अभयारण्य 1969 साली झालं. क्षेत्र सुमारे 175 चौरस किलोमीटर, म्हणजे साडेसतरा हजार हेक्टर. डोंगर, दऱ्या, पलीकडे मध्य प्रदेशची हद्द. वनरक्षकाकडे काठी, मोटरसायकल आणि मोबाईल, तोही रेंज असेल तर.

आपल्या शिवारातल्या केबलचोरीचं उदाहरण घ्या. विहिरीवरच्या मोटारीची केबल एका रात्रीत कापून नेतात. पोलीस ठाण्यात तक्रार होते, पंचनामा होतो, पण चोरी थांबते केव्हा? बांधाला बांध असलेल्या पाचदहा शेतकऱ्यांनी आळीपाळीने राखण सुरू केली आणि अनोळखी बॅटरी दिसताच एकमेकांना फोन केले तेव्हा. पोलीस लागतातच, पण डोळे गावाचे असतात. जंगलातही हेच. फासा लावलेला पहिल्यांदा गुराख्याला दिसतो. मोहाखाली पाचोळा पेटवून दिला आणि वणवा वर चढायला लागला तर तो आधी पाड्यावरून दिसतो. डुकरांसाठी कुंपणात वीज सोडली जाते हे शेजाऱ्याला माहीत असतं. अशा तारेने बिबटेही मरतात आणि माणसंही.

हे डोळे उघडे ठेवायचे की मिटून घ्यायचे, हे ती माणसं ठरवतात. आणि ते त्यांच्याशी आपण कसे वागलो यावर ठरतं.

## कालवड मेलेली सकाळ

चाळीसगावकडच्या एका शेतकऱ्याशी माझं बोलणं झालं होतं. पहाटे गोठ्यात गेला तर खुंटं रिकामं, दावं तुटलेलं, आणि नाल्याजवळ अर्धी खाल्लेली कालवड. तो मला म्हणाला, "भाऊ, मनी कालवड गई, आते काय करू?"

त्या क्षणी त्याच्यापुढे दोन वाटा असतात. पहिली: वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर किंवा जवळच्या वनाधिकाऱ्याला 48 तासांच्या आत कळवायचं, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, पंचनामा होऊ द्यायचा, पशुवैद्यकाचा दाखला घ्यायचा, कागद द्यायचे आणि भरपाईची वाट बघायची. दुसरी वाट: दुकानातून कीटकनाशकाची पुडी आणायची आणि त्या अर्ध्या खाल्लेल्या कालवडीवर टाकायची. बिबट्या उरलेलं खायला रात्री परत येतोच. दुसऱ्या वाटेला कागद लागत नाही, साक्षीदार नसतो. आणि त्या विषाने फक्त बिबट्या जात नाही. कोल्हा, मुंगूस, कावळे, गावची कुत्री, जे जे त्या मांसाला तोंड लावतं ते सगळं जातं.

माझ्या मते 'लोकांचा पाठिंबा' या शब्दांचा खरा अर्थ त्या सकाळी कळतो. त्या शेतकऱ्याने कोणती वाट धरली, यावर तो मोजायचा. आणि पहिली वाट सोपी, जलद आणि मानाची करणं हे बाकी सगळ्यांचं काम आहे.

सामायिक विहिरीची गोष्ट खान्देशात घरोघरी आहे. पाण्यात चार भावांचा वाटा असतो. पण गाळ काढायची वेळ आली की ज्याचं शेत विहिरीला लागून, त्याच्याच गळ्यात काम पडतं. बाकीचे तीन म्हणतात, "तू आहेस ना तिथे." काही वर्षं तो करतो. मग एक दिवस तोही सोडून देतो आणि विहीर बुजते. वन्यजीवांचं असंच झालंय. जंगलाचं पाणी, हवा, पावसाळ्यात पाल, पाटणादेवी अशा ठिकाणच्या सहली सगळ्यांच्या वाट्याला. कालवड मात्र एकाची. बारीपाड्याचं अभिनंदन करताना माझा एक रुपया खर्च झाला नाही, म्हणून ते मला इतकं सहज जमलं.

आपल्याकडे सहन करण्याची परंपरा नाही असं नाही. सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा वाघदेवाला पूजतात. त्या श्रद्धेने या जनावरांना किती तारलंय याचा हिशेब कुणी मांडलेला नाही, पण तिचा वाटा फार मोठा असणार असं मला वाटतं. मात्र श्रद्धेने सोसण्याचं बळ मिळतं, मुलीच्या फीचे पैसे मिळत नाहीत. म्हणून शहरातल्या माणसाने पाठिंबा द्यायचा तर पहिली मागणी ही असली पाहिजे: भरपाई वेळेवर, पूर्ण आणि हेलपाटे न घालता मिळावी. वाघाच्या फोटोपेक्षा हा विषय रुक्ष आहे. पण वाघ याच रुक्ष विषयावर जगतो.

जळणाचंही तसंच. अभयारण्याच्या कडेच्या गावांसाठी राज्यात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. तिच्यातून गॅस, बायोगॅस अशा गोष्टी देता येतात. एका घरात गॅस खरोखर चालू राहिला तर रोजची एक मोळी वाचते, बाईची कंबर वाचते आणि कदाचित रानपिंगळ्याची एक ढोली वाचते. सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, हेही खरं.

## "मग बिबट्याला उचलून लांब सोडा ना!"

ही मागणी मनापासून येते, आणि तिच्यामागची भीती खोटी नाही. 2017 मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या गावांत बिबट्याने माणसं मारली. कितीतरी दिवस लोक संध्याकाळी बाहेर पडत नव्हते. शेवटी त्याला गोळी घालावी लागली. त्या घरांना कुणी परिसंस्थेवर व्याख्यान देऊ नये. माणसावर सातत्याने हल्ले करणारं जनावर हटवावंच लागतं, आणि कायद्यात त्याची तरतूद आहे.

पण नुसता दिसला म्हणून उचलायचा, याचा परिणाम उलटा होतो. जुन्नर भागात असे बिबटे मोठ्या संख्येने पकडून दुसरीकडे सोडले गेले, त्याचा विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. ही पकडापकड सुरू होण्याआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. सुरू झाल्यावर ते 17 वर गेले.

असं का व्हावं? आठवडे बाजार डोळ्यांसमोर आणा. वर्षानुवर्षं एका कोपऱ्यावर एक जुना भाजीवाला बसतो. त्याची जागा ठरलेली, शेजाऱ्यांची ओळख ठरलेली. त्याला उठवला तर जागा रिकामी राहत नाही. पुढच्या बाजारी तिथे तिघे येतात आणि आपसात भांडतात. बिबट्याचा इलाका असाच असतो. जुना, माणसांना टाळून राहायला शिकलेला बिबट्या गेला की नवे, तरणे, बिनसराईत येतात. आणि ज्याला उचलून परक्या रानात सोडलं, तो घाबरलेला असतो, तिथली वाट त्याला माहीत नसते.

म्हणजे लोकांचा दबाव चुकीच्या मागणीसाठी लागला तर त्याच लोकांचा धोका वाढतो. त्याऐवजी काय मागावं? गोठ्याला जाळी आणि पक्कं दार. गावाबाहेरचा कचरा आणि कोंबड्यांची आतडी हटवणं, कारण त्यावर कुत्री-डुकरं वाढतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. रात्रीऐवजी दिवसा शेतीला वीज. केळीला पाणी द्यायला रात्री दोन वाजता जावं लागत नसेल तर निम्मी भेट टळते. घरोघरी शौचालय वापरात असणं हाही यातलाच भाग, कारण वाकून बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. आणि तिन्हीसांजेला लहान मुलांना बागेच्या कडेला एकटं न सोडणं, हे तर आपल्याच हातातलं.

## शिवरस्ता अडवला तर

'भ्रमणमार्ग' हा शब्द आता मुक्ताईनगर-रावेरच्या बातम्यांत वारंवार दिसतो. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायची जनावरांची वाट, इतकाच त्याचा अर्थ. पूर्वेला मेळघाट आणि अंबाबरवा, पश्चिमेला यावल आणि अनेर ही जंगलं. मधल्या पट्ट्यात, मुक्ताईनगर तालुक्यात, मुक्ताई-भवानी हे सुमारे 122 चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र. डोलारखेडा भागात तर वाघ पूर्णाकाठच्या केळीत वावरतात. ठिबकचा गारवा, दाट सावली आणि हिंडणारी डुकरं. वाघाच्या नजरेने बघितलं तर केळीची बाग हे जंगलच आहे.

ही वाट इतकी का जपायची? शिवरस्त्यावरून कोर्टापर्यंत गेलेली भांडणं आपण पाहिलीत. एकाने पाच हात रस्ता नांगरून आपल्या शेतात घेतला की मागच्या वीस शेतांची गाडी अडते. अडवलेला तुकडा लहान, पण खोळंबा सगळ्यांचा. जनावरांच्या वाटेचंही तसंच. आणि दुसरं कारण पशुपालकाला लगेच कळेल: गावात वर्षानुवर्षं एकच वळू ठेवला तर वासरं दुबळी निघतात, म्हणून आपण बाहेरून वळू आणतो. यावलच्या वाघाला मेळघाटातून जोडीदार कोण आणून देणार? तो किंवा ती स्वतःच्या पायांनी येईल, वाट मोकळी असेल तर.

संवर्धन राखीव हा प्रकार वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आला. अभयारण्याला लागून किंवा दोन जंगलांना जोडणारी सरकारी जमीन असेल, तर स्थानिक लोकांशी बोलून ती राखीव जाहीर करता येते आणि तिच्या समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात. म्हणजे लोकांचा सहभाग इथे कायद्यातच लिहिलेला आहे. आपल्या गावचा प्रतिनिधी कोण आणि शेवटची बैठक केव्हा झाली, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

## "लोकांच्या हाती दिलं तर जंगल संपेल"

ही शंका मीही बाळगून होतो. यावल अभयारण्यात अतिक्रमणाचा प्रश्न वर्षानुवर्षं चिघळलेला आहे, तो नाकारून कुणाचं भलं होणार नाही. म्हणूनच बारीपाडा समजून घेणं महत्त्वाचं आहे.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बारीपाड्याचे डोंगर उघडे पडले होते. बायका पाण्यासाठी लांब चालत. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी स्वतःच नियम केले. जंगलात बैलगाडी न्यायची नाही. झाड तोडलं तर दंड, तोडणाऱ्याची खबर देणाऱ्याला बक्षीस. राखणीची पाळी घरटी. नियम बाहेरून आलेले नव्हते, म्हणून मोडणाऱ्याला गावाच्याच नजरेला नजर द्यावी लागे. आज गावाने राखलेलं रान 400 हेक्टरांच्या वर आहे आणि टँकरची वाट बघणारं गाव शेजारच्या गावांना पाणी देण्याइतकं सावरलं.

मला त्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते ती वनभाज्यांची स्पर्धा. 2004 पासून पावसाळ्यात गावातल्या बाया रानभाज्या रांधून मांडतात. कर्टुली, तरोटा, बांबूचे कोंब, आणि मला नावंही माहीत नाहीत अशा कितीतरी. हे नुसतं खाद्यमहोत्सव म्हणून बघू नका. कोणती भाजी कुठे, कधी, कशी खुडायची हे ज्ञान ज्या बाईकडे आहे, तिला त्या दिवशी मान मिळतो. मग तिची सून, तिची नात ते ज्ञान मागून घेते. आणि ज्या उतारावरून भाजी येते तो उतार कुणी जाळायला निघालं तर पहिली ती आडवी येते.

2006 च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वनहक्क मागता येतो, म्हणजे जंगल वापरायचा हक्क आणि राखायची जबाबदारी एकत्र. केवळ हक्क हाती दिल्याने जंगल राखलं जाईल असं मी म्हणणार नाही. जिथे गाव एकत्र बसतं, तिथे जंगल टिकण्याची शक्यता वाढते. नागालँडमधल्या पांगती गावाजवळ 2012 मध्ये अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात मारले जात होते. पुढच्या वर्षी शिकार थांबली, कारण गावांनीच ठराव केले आणि पाळले.

## एक पाखरू गेलं तर काय अडतं?

गिधाडांचं ऐका. 1990 पर्यंत आपल्याकडे मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की तासाभरात सांगाडा उरे. मग गिधाडं दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 या काळात हजारात एक उरली. कारण 2004 मध्ये सापडलं: ढोरांना सुजेवर देतात ते डायक्लोफेनॅक हे औषध. औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड निकामी होतं. 2006 मध्ये ढोरांसाठी या औषधावर बंदी आली.

आणि आपलं काय गेलं? मढी सडत पडली, मोकाट कुत्री वाढली, पाणी नासलं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा की गिधाडं गेल्यामुळे 2000 ते 2005 या काळात देशात सुमारे 5 लाख जादा माणसं दगावली. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

इथे पाठिंबा देणं फार सोपं आहे. पशुवैद्यकाला म्हणायचं, "डॉक्टर, सुजेवर मेलॉक्सिकॅम द्या." ते गिधाडांना सुरक्षित आहे.

## माझ्या एका सहीने काय होणार?

एखाद्या अभयारण्याभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टा आखायचा असेल तर सरकार आधी मसुदा काढतं आणि हरकती-सूचनांसाठी 60 दिवस देतं. मोठा प्रकल्प येणार असेल तर पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार बहुतेक वेळा जनसुनावणी होते आणि तिची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. तिथे तुम्ही बोललेलं इतिवृत्तात लिहावं लागतं. एक सही वजनाला हलकी असते, पण कोऱ्या इतिवृत्ताचा अर्थ 'कुणाची हरकत नाही' असा लावला जातो. केरळातली सायलेंट व्हॅली धरणाखाली जायची होती. शिक्षक, अभ्यासक, कवी, सामान्य लोक वर्षानुवर्षं बोलत राहिले, 1983 मध्ये प्रकल्प सोडला गेला आणि 1984 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं.

त्याहून जवळची गोष्ट म्हणजे जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती आणि एक लोकनोंदवही असायला हवी. गावातली झाडं, पाखरं, बियाणं, औषधी वनस्पती यांची ती वही. जळगावजवळची लांडोरखोरी याच कायद्याखाली जैवविविधता वारसा स्थळ ठरली. आमच्या गावची वही मी ग्रामपंचायतीत मागितली. कपाटातून निघाली. तिच्यात पिंगळ्याचं नाव नव्हतं, उंबराचंही नव्हतं.

1 मेच्या ग्रामसभेला आबा काठी टेकत आले. त्यांनी दोन विषय मांडले. एक, वही पुन्हा लिहायची, आणि लिहिताना गुराखी आणि तडवी आदिवासींच्या वस्तीवरच्या बाया सोबत बसल्या पाहिजेत. दुसरा, मागच्या वर्षभरात गावातल्या किती जनावरांचे पंचनामे झाले, पैसे किती जणांना मिळाले आणि किती दिवसांनी मिळाले, त्याची यादी फलकावर लावायची. थोडी कुजबुज झाली. मग ज्याची शेळी पौषात गेली होती तो मागून उठला आणि म्हणाला, "माझं नाव पहिलं लिहा."